टेम्स नदीखालून पायी: रॉदरहाइथचा बोगदा, ग्रिनिचचा बोगदा आणि मधली साठ वर्षं

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. लंडनचा टॉवर ब्रिज सगळ्यांनी फोटोत तरी बघितलेला असतो. पण त्याच्या पुढं, म्हणजे समुद्राच्या दिशेनं, टेम्स पायी ओलांडायला एकही पूल नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अगदी बाहेर डार्टफर्डला एक मोठा पूल आहे पण तो मोटारींचा, त्यावर चालता येत नाही. मग पूर्व लंडनमधली माणसं पलीकडं जातात कशी? तर नदीच्या खालून. ग्रिनिच आणि वुलिच अशा दोन ठिकाणी फक्त पायी जाणाऱ्यांसाठी बोगदे आहेत, रात्रंदिवस उघडे, तिकीट नाही काही नाही. मी ग्रिनिचच्या बाजूला राहते, नोकरी पलीकडं आहे, त्यामुळं हा बोगदा माझ्या रोजच्या वापरातला. त्याचा इतिहास वाचत गेले आणि इतकी गुंतले की म्हटलं इथं लिहूनच काढावं.

गोष्ट सुरू होते रॉदरहाइथला, म्हणजे टेम्सच्या दक्षिण काठावर, १८२५ मध्ये. त्याआधी नदीखालून बोगदा न्यायचे दोनेक प्रयत्न फसले होते. त्यातला मोठा प्रयत्न १८०५ नंतरचा, आधी व्हेझी म्हणून इंजिनियर आणि मग वाफेच्या इंजिनवाला रिचर्ड ट्रेव्हिथिक. १२०० फुटांपैकी हजाराच्या वर फूट खोदून झालं होतं, म्हणजे पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर, आणि पाणी शिरलं. कंपनीनं काम सोडलं आणि मोठमोठ्या तज्ज्ञांनी सांगून टाकलं की टेम्सखाली उपयोगाचा बोगदा होणं शक्य नाही.

मग आला मार्क ब्रुनेल. जन्म १७६९, नॉर्मंडीचा फ्रेंच माणूस, राजाच्या बाजूचा म्हणून क्रांतीत पळून अमेरिकेला गेला, तिथून १७९९ ला इंग्लंडला. पोर्ट्समथच्या गोदीत जहाजांच्या कप्प्या बनवायची यंत्रं त्यानं बसवली, फार हुशार माणूस पण पैशाच्या व्यवहारात सतत खोलात, १८२१ ला तर कर्जापायी तुरुंगात गेला होता. बोगद्याची कल्पना त्याला सुचली ती जहाजाचं लाकूड पोखरणाऱ्या किड्यावरून असं सांगतात. तो किडा डोक्यावरच्या कडक कवचानं लाकूड कोरत पुढं जातो आणि मागं राहिलेल्या बिळाला स्वतःच आतून चुन्याचा थर देत जातो. ब्रुनेलनं हेच लोखंडात केलं, १८१८ ला पेटंट घेतलं. त्याला शील्ड म्हणतात.

शील्ड म्हणजे काय ते नीट सांगते कारण मला स्वतःला ते कळेपर्यंत बाकीचं काही कळलं नव्हतं. १२ लोखंडी चौकटी शेजारी शेजारी उभ्या, प्रत्येकीत एकावर एक तीन खण, म्हणजे ३६ खण आणि एकेका खणात एक माणूस. माणसाच्या समोर मातीची भिंत आणि ती दाबून धरायला आडव्या अरुंद फळ्या, प्रत्येक फळी दोन स्क्रूंनी आवळलेली. त्यानं एकच फळी काढायची, तिच्या मागची माती साधारण साडेचार इंच खोल खरवडायची, फळी पुढं सरकवून परत आवळायची, मग खालची. सगळ्या फळ्या झाल्या की ती चौकट जॅकनं पुढं रेटायची आणि मागं लगेच गवंड्यांनी विटांचं बांधकाम करायचं. म्हणजे कुठल्याही क्षणी उघडी माती फक्त एका फळीएवढी. आठवड्याला आठ-दहा फूट पुढं गेले की बरं चाललंय म्हणायचे.

बोगदा पूर्ण झाला १८४१ च्या शेवटी आणि लोकांसाठी उघडला २५ मार्च १८४३ ला. सुरुवातीपासून १८ वर्षं. लांबी १३०० फूट म्हणजे ३९६ मीटर. बांधला होता घोडागाड्यांसाठी, माल इकडून तिकडं न्यायला. पण गाड्या खाली उतरायला मोठे चक्राकार उतार लागणार होते आणि त्याला पैसेच उरले नाहीत. नुसते जिने झाले. म्हणून तो पायी जाणाऱ्यांचा बोगदा झाला, पैसे संपले म्हणून! पहिल्याच दिवशी ५०,००० माणसं खाली उतरली, एक पेनी टोल देऊन, आणि तीन-चार महिन्यांतच आकडा दहा लाखांवर गेला. राणी व्हिक्टोरिया पण त्याच उन्हाळ्यात येऊन गेली.

आणि ग्रिनिचचा, जो मुळातच चालणाऱ्यांसाठी ठरवून बांधला, तो उघडला ४ ऑगस्ट १९०२ ला. मधे जवळजवळ साठ वर्षं. जगात पहिल्या बोगद्याचं नाव निघतं, ब्रुनेलचं निघतं, आणि ते योग्यच आहे. पण माझ्या मते लोकांच्या कामाचा बोगदा हा दुसरा. त्याच्याबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते, हा आधीच लांबला.

अण्णा_डोंबिवली

वा, फारच छान सुरुवात. वाचनखूण साठवली. एक शंका, सरळ पूल का नाही बांधला? नदीखालून बोगदा खणण्यापेक्षा पूल सोपा असणार ना तेव्हासुद्धा.

गोदाकाठ

अण्णा, जहाजांमुळं. लंडन ब्रिजच्या पुढची, समुद्राकडची नदी म्हणजे त्या काळचं जगातलं सगळ्यात गजबजलेलं बंदर. शिडांची जहाजं, उंच डोलकाठ्या, नदीत इतकी दाटी की मधे खांब उभे करून चालणारच नव्हतं आणि डोलकाठ्यांच्या वरून पूल न्यायचा तर दोन्हीकडं अर्धा अर्धा मैल चढ लागला असता. टॉवर ब्रिज झाला तोच मुळी १८९४ ला आणि तोही मधून उघडणारा. तोपर्यंत लंडन ब्रिजच्या पूर्वेला एकही पूल नव्हता, सगळं होड्यांवर. धुकं पडलं की होड्या बंद.

सिव्हिलवाला_सांगली

ताई धागा आवडला. मी टनेलिंगमध्येच काम करतो म्हणून दोन गोष्टी भर घालतो.

शील्डबद्दल सगळे बोलतात पण रॉदरहाइथची बोगद्यात उतरायची विहीर (शाफ्ट) कशी खाली घातली ते तितकंच भारी आहे. ब्रुनेलनं आधी खड्डा खणलाच नाही. जमिनीवर ५० फूट व्यासाचं, ४२ फूट उंच विटांचं गोल बांधकाम केलं, खालच्या कडेला लोखंडी धारदार कडं, आणि मग आतून माती काढत गेले. अंदाजे हजार टनांचं ते बांधकाम स्वतःच्या वजनानं हळूहळू जमिनीत बसत गेलं. आपल्याकडे नदीतल्या पुलांच्या पायासाठी विहिरी उतरवतात ना, वेल फाउंडेशन, तत्त्व तेच. साइटवर आजही विहीर वाकडी उतरायला लागली की सगळ्यांची झोप उडते, आणि या माणसानं ते १८२५ ला केलं.

दुसरं म्हणजे पाणी का शिरलं. ब्रुनेलला सांगण्यात आलं होतं की नदीखाली चिकणमातीचा सलग थर आहे. तसा तो नव्हता. मधे रेती, गोटे, आणि वरून लोक नदीतला गोटा उपसून विकायचे त्यामुळं तळाला खड्डे. बोगद्याचं छत आणि नदीचा तळ यात काही ठिकाणी फक्त काही फूट माती. आणि लक्षात घ्या तेव्हा कॉम्प्रेस्ड एअर, म्हणजे बोगद्यात दाबानं हवा भरून पाणी थोपवायची पद्धत नव्हती. आता आम्ही समोरच्या मातीला दाब देऊन पाणी थोपवतो. तिथं फक्त फळ्या, माणसं आणि पंप.

बाकी ग्रिनिच मोठा की ब्रुनेलचा मोठा यावर माझं मत वेगळं आहे. ब्रुनेल नसता तर ग्रिनिच नसता. मुंबईच्या मेट्रो ३ चा बोगदा धारावी आणि बीकेसीच्या मधे मिठी नदीखालून गेलाय, तो ज्या मशीननं खणला त्याचं मूळ या शील्डमध्ये आहे. समोर माती धरायची, मागं लगेच अस्तर लावायचं आणि त्याच अस्तरावर जोर देऊन पुढं सरकायचं, हे तिन्ही आजही तसंच्या तसं आहे.

केतकी_म

इंजिनियरिंग कळलं, पण त्या ३६ खणांत जी माणसं बसायची त्यांचं काय? किती गेले? त्यांच्याबद्दल पण लिहा ना कुणीतरी, नेहमी ब्रुनेल ब्रुनेलच होतं.

गोदाकाठ

केतकी, अगदी बरोबर विचारलंस.

त्या काळी टेम्स म्हणजे उघडं गटार होतं, सगळ्या लंडनचं मैलापाणी तिच्यात. तेच पाणी छतातून झिरपत खाली अंगावर. त्यातून निघणारा वायू कधी कधी दिव्यांवर पेटायचा. माणसांना ताप यायचा, भोवळ यायची, डोळे इतके सुजायचे की काहींना कायमचं अंधत्व आलं. कामावरचा मुख्य इंजिनियर आर्मस्ट्राँग १८२६ ला आजारी पडून सोडून गेला आणि सगळा भार पडला मार्कच्या मुलावर, इसंबार्डवर. वय २० वर्षं.

कंपनीला पैसे हवे होते म्हणून काम चालू असतानाच लोकांना एक शिलिंग घेऊन बोगदा बघायला खाली सोडत होते. मार्क ब्रुनेलला याची धास्ती होती. १८ मे १८२७ ला पहिल्यांदा नदी आत आली. त्या दिवशी माणसं बाहेर पळाली, वाचली. मग इसंबार्ड डायव्हिंग बेलमध्ये (हवा कोंडलेल्या घंटेसारख्या पेटीत) बसून नदीच्या तळाशी गेला, भोक कुठं आहे ते बघितलं, आणि चिकणमाती भरलेली पोती टाकून टाकून ते बुजवलं. पाणी उपसायला कित्येक महिने. लोकांचा विश्वास परत यावा म्हणून १० नोव्हेंबरला बोगद्याच्या आत मेजवानी दिली, लष्कराचा बँड, झगमगते दिवे, आणि शेजारच्या कमानीत कामगारांची पंगत. ही एक गोष्ट मला आवडली की कामगारांना त्यात जागा होती.

दोन महिन्यांनी, १२ जानेवारी १८२८, पुन्हा नदी फुटली आणि या वेळी सहा माणसं गेली. इसंबार्ड स्वतः शील्डपाशी होता, पाण्याच्या लोंढ्यानं त्याला बोगद्यातून उचलून विहिरीत वरपर्यंत आणून टाकलं म्हणून वाचला, गुडघा आणि आतून बरीच दुखापत. बरा होण्यासाठी पुढं ब्रिस्टलजवळ क्लिफ्टनला राहिला आणि तिथं पुलाची स्पर्धा लागली, तिथून त्याचं स्वतःचं आयुष्य सुरू झालं.

बोगद्याचं काम मात्र त्याच वर्षी थांबलं. पैसे संपले. तोंडाशी भिंत बांधून शील्ड आत गाडून ठेवली आणि सात वर्षं तसंच. १८३४ च्या शेवटी सरकारनं कर्ज मंजूर केलं आणि पुढच्या वर्षी परत सुरू, नवीन जास्त मजबूत शील्ड घेऊन. त्यानंतरही १८३७-३८ मध्ये तीनदा पाणी शिरलं. लोक परत परत त्याच खणात जाऊन बसले. दुसरीकडं पगार मिळत नव्हता म्हणून बसले असणार, उगाच शौर्यगाथा करायला नको, पण ती माणसं नसती तर त्या पेटंटच्या कागदाला काही अर्थ नव्हता.

रत्नांग्रीकर

त्या किड्याबद्दल लिहिलंत म्हणून सांगतो, कोकणात लाकडी होडी असलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक. खाऱ्या पाण्यात लाकूड ठेवलं की लागतोच, वरून फळी धडधाकट दिसते आणि आत चाळण. म्हणून होड्या काठावर ओढून तळाला तेल देतात. दिसायला अळीसारखा पण जात शिंपल्याची, डोक्याशी दोन छोट्या शिंपा असतात त्यांनीच कोरतो. आमच्या आजोबांनी आयुष्यभर ज्याला शिव्या घातल्या त्याच्याकडं बघून कुणाला नदीखालून जायचा मार्ग सुचला हे वाचून अंगावर काटा आला खरंच.

चालता_बोलता

मस्त चाललाय धागा. पण इतकी माणसं चालून गेली, दहा लाख वगैरे, तर मग पुढं तो बोगदा पायी जायला राहिला का नाही? मी तर लंडनला गेलो होतो तेव्हा तिथून ट्रेननं गेलो असं आठवतंय.

गोदाकाठ

बरोबर आठवतंय तुम्हाला. आता तिथून लंडन ओव्हरग्राउंडची विंडरश लाइन जाते, वॉपिंग आणि रॉदरहाइथ ही दोन टोकांची स्टेशनं.

झालं असं की गर्दी होती ती बघ्यांची. काम करणारा माणूस रोज जाता-येता एकेक पेनी आणि एवढे जिने कशाला करेल? कंपनीला टोलमधून कर्ज फिटणं शक्यच नव्हतं. खणायला आणि बाकीच्या कामाला मिळून सहा लाख पौंडांवर खर्च झाला होता. मग आतल्या कमानींमध्ये दुकानं लावली, गॅसचे दिवे, आठवण म्हणून विकायच्या वस्तू, बोगद्याचं चित्र असलेले कप, पदकं, रुमाल. १८५२ ला आत जत्रा भरवली, वाजंत्री, कसरती वगैरे. काही वर्षांत नवलाई ओसरली, दिवे मंद, ओल, पाकीटमार, आणि चांगल्या घरचे लोक जायचे बंद झाले. १८६५ ला ईस्ट लंडन रेल्वे कंपनीनं विकत घेतला आणि ७ डिसेंबर १८६९ ला पहिली गाडी गेली. बोगदा मुळात गाड्यांसाठी उंच-रुंद बांधलेला, त्यामुळं आगगाडी आरामात मावली.

तेव्हा पायी जाणाऱ्यांच्या वाट्याला हा बोगदा आला फक्त २०-२५ वर्षं, आणि तीही टोल देऊन.

शिरीष_फूल

त्या आठवणीच्या वस्तूंवरून राहवलं नाही. मला जुन्या कागदी वस्तूंचा नाद आहे. या बोगद्याचे कागदी पीपशो मिळायचे, काम पूर्ण व्हायच्याही आधीपासून. एक मी संग्रहालयात अगदी जवळून पाहिलाय. हातात मावेल असं पुठ्ठ्याचं पुढचं पान, त्याला डोळा लावायला छोटी भोकं, आणि मागं बाजाच्या पेटीच्या भात्यासारख्या घड्या. पेटी उघडावी तसं ओढलं की आत एकामागे एक कापलेले कागदी थर, प्रत्येकावर कमान आणि त्यात हातानं रंगवलेली माणसं, टोप्या घातलेले पुरुष, घेरदार झग्यातल्या बायका. वरच्या भोकातून बघितलं तर नदी आणि जहाजं, खालच्यातून बोगदा. आणि गंमत म्हणजे अशा चित्रांत घोडागाड्याही सापडतात, ज्या बोगद्यात कधी गेल्याच नाहीत. त्या चित्रकारानं योजना बघून काढलं असणार.

अण्णा_डोंबिवली

शिरीष, हे फारच सुंदर. गोदाकाठ ताई आता ग्रिनिच येऊ द्या, वाट बघतोय.

गोदाकाठ

हो अण्णा, आता तेच.

पण मधे एक छोटा थांबा, टॉवर सबवे. १८६९-७० मध्ये बार्लो आणि जेम्स ग्रेटहेड या इंजिनियरांनी टॉवर ऑफ लंडनजवळून नदीखाली जेमतेम सात फूट व्यासाची लोखंडी नळी टाकली, गोल शील्ड वापरून, आणि वर्षभरात काम संपलं. ब्रुनेलला १८ वर्षं आणि यांना एक! विटांऐवजी बिडाच्या कड्या, आणि नळी खोल चिकणमातीतून नेली. सुरुवातीला आत दोरीनं ओढली जाणारी १२ माणसांची डबी चालवली, ती काही महिन्यांत बंद पडली, मग रूळ काढून नुसतं चालायला मोकळी केली, अर्धा पेनी टोल. वर्षाला दहा लाख माणसं जायची त्या अरुंद नळीतून. हे बघे नव्हते हो, कामावर जाणारे होते. टॉवर ब्रिज फुकट झाल्यावर कुणी जाईना, १८९८ ला बंद. आता त्यातून पाण्याचे नळ आणि केबली जातात.

आता ग्रिनिच का झाला, यात खरी गोम आहे. पश्चिम लंडनमध्ये पूल होते पण त्यांवर टोल होता. १८७७ ते ८० च्या सुमाराला शहराच्या बोर्डानं ते पूल विकत घेऊन टोलमुक्त केले, आणि पैसा कुठला? सगळ्या लंडननं भरलेल्या पट्टीचा (कराचा), म्हणजे पूर्वेकडच्या गरिबांनी भरलेल्या पट्टीचाही. पूर्वेचे लोक म्हणाले आम्ही तुमच्या पुलांचे पैसे भरले, आता आमचं काय? त्यातून वुलिचची फुकट फेरी आली १८८९ ला, मग ब्लॅकवॉलचा गाड्यांचा बोगदा १८९७ ला, आणि मग ग्रिनिच.

ग्रिनिचसाठी भांडला विल क्रुक्स. पॉप्लरचा, जन्म १८५२, लहानपणी काही काळ अनाथ-गरिबांच्या वर्कहाउसमध्ये काढलेला, पिंपं बनवणारा कारागीर, पुढं लंडन काउंटी कौन्सिलवर निवडून आला आणि पुलांच्या समितीचा अध्यक्ष झाला, नंतर खासदार. दक्षिण काठावर घरं स्वस्त, आणि उत्तरेला आइल ऑफ डॉग्जच्या गोद्या आणि कारखाने. गोदीत रोजंदारी होती, सकाळी दारात वेळेवर उभा असेल त्याला काम. धुक्यानं होडी अडली की त्या दिवसाची चूल बंद. क्रुक्सला हे कुणी सांगायला नको होतं, त्याचं सगळं आयुष्य त्याच गोद्यांच्या आसपास गेलेलं.

काम १८९९ ला सुरू, इंजिनियर अलेक्झांडर बिनी, १९०२ ला खुला. लांबी ३७० मीटर, खोली सुमारे ५० फूट, बिडाच्या कड्या, आत काँक्रीट आणि त्यावर दोन लाख पांढऱ्या चकचकीत फरशा. खर्च १,२७,००० पौंड. पहिल्या दिवसापासून टोल नाही. आणि कायद्यानं तो सार्वजनिक रस्ता आहे, म्हणून रात्री तीनलासुद्धा बंद करता येत नाही. दहा वर्षांनी वुलिचचाही तसाच झाला, २६ ऑक्टोबर १९१२, त्याच्यामागेही क्रुक्सच.

सिव्हिलवाला दादा, ब्रुनेल नसता तर ग्रिनिच नसता हे मान्य, शंभर टक्के. पण नुसता ब्रुनेल असून साठ वर्षं गोदीतला माणूस होडीच्या रांगेत उभा होता. तंत्र १८४३ ला तयार होतं, १८७० ला तर स्वस्तही झालं होतं. उरलेली तीस वर्षं कुणीतरी लोकांच्या पैशानं लोकांसाठी फुकट रस्ता करायचं ठरवायला लागली. म्हणून मला क्रुक्सचं नाव ब्रुनेलच्या शेजारी लिहावंसं वाटतं.

सिव्हिलवाला_सांगली

ताई हा मुद्दा पटला. फक्त तंत्र १८७० ला पूर्ण तयार होतं असं म्हणता येणार नाही. टॉवर सबवे घट्ट कोरड्या चिकणमातीत होता म्हणून पटकन झाला. पाणी धरणाऱ्या रेती-गोट्यातून जायला शील्डच्या जोडीला कॉम्प्रेस्ड एअर लागते आणि दोन्ही एकत्र नीट वापरायला १८८० नंतरचा काळ उजाडला. ब्लॅकवॉलला ते मोठ्या प्रमाणावर जमलं आणि तेच बिनीनं ग्रिनिचला वापरलं. तेव्हा तीस वर्षांतली दहा-पंधरा तंत्राच्या नावावर टाका, बाकीची तुमची :)

आणि केतकी ताईंच्या प्रश्नाला धरून, कॉम्प्रेस्ड एअरनं पाणी थांबलं पण माणसांना नवीन आजार दिला. दाबातून पटकन बाहेर आलं की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, सांधे जखडतात, लकवा मारतो, माणूस जातोसुद्धा. न्यूयॉर्कला हडसन नदीखालच्या कामावर मॉयर नावाच्या इंजिनियरनं १८९० च्या सुमारास वैद्यकीय एअरलॉक, म्हणजे हवेचा दाब वाढवता-कमी करता येणारी बंद खोली बसवली, आजारी माणसाला परत दाबात नेऊन हळूहळू बाहेर काढायचं, आणि मृत्यू एकदम खाली आले. हाच मॉयर नंतर ब्लॅकवॉलच्या कामावर होता.

एल्बेकाठी

मी हॅम्बर्गला असतो. आमच्याकडचा जुना एल्ब बोगदा ७ सप्टेंबर १९११ ला उघडला, ४२६ मीटर, दोन नळ्या, जमिनीखाली २४ मीटर. कारण हुबेहूब तुम्ही लिहिलंय तेच, शहर एका काठावर आणि जहाजबांधणीचे कारखाने दुसऱ्या काठावर, हजारो कामगार रोज होडीनं, हिवाळ्यात नदी गोठली की पंचाईत. फरक एवढा की इथं उताराऐवजी मोठ्या लिफ्ट केल्या, घोडागाडी सकट आख्खी खाली जायची, नंतर मोटारीसुद्धा. ब्रुनेलला जे उतार परवडले नाहीत त्याला हे उत्तर. भिंतींवर मासे, खेकडे, कालवं असे भाजलेल्या मातीचे उठावदार फलक आहेत, मुलं एकेक शोधत जातात. दाबाच्या आजारानं इथंही माणसं गेली, तीन मृत्यूंची नोंद आहे आणि आजारी पडलेले शेकड्यांनी. पायी आणि सायकलवाल्यांना फुकट.

अँटवर्पला शेल्ट नदीखाली १९३३ चा असाच आहे, ५७२ मीटर, त्याचे लाकडी पायऱ्यांचे जुने सरकते जिने अजून चालतात. जमलं तर जरूर बघा.

केतकी_म

गोदाकाठ ताई, सिव्हिलवाला दादा, दोघांचेही आभार, अगदी हवं ते मिळालं. भारतात असं काही जुनं आहे का नदीखाली? मेट्रोच्या आधीचं?

सिव्हिलवाला_सांगली

कोलकात्याला आहे. हुगळीखालून विजेच्या केबली न्यायला तिथल्या वीज कंपनीनं बोगदा केला, १९३१ चा. लोकांना जायला नाही पण नदीखालचा बोगदा आहे. मेट्रो हुगळीखालून धावली ती मार्च २०२४ ला.

रत्नांग्रीकर

ब्रुनेलचा मुंबईशी पण एक धागा आहे. इसंबार्डनं पुढं ग्रेट ईस्टर्न हे अवाढव्य जहाज बांधलं, तेही टेम्सच्या काठावर, आइल ऑफ डॉग्जलाच, म्हणजे ताईंच्या बोगद्याच्या पलीकडच्या टोकापासून जवळच. प्रवासी जहाज म्हणून ते चाललं नाही पण समुद्रात तारेच्या केबली टाकायला फार उपयोगी पडलं, आणि १८७० ला मुंबई ते एडन केबल त्याच जहाजानं टाकली. तेव्हा मुंबईहून विलायतेला जाणारी तार मिनिटांत पोचायला लागली.

गोदाकाठ

रत्नांग्रीकर, ते जहाज ज्या उतारावरून पाण्यात ढकललं त्याचे लाकडी ओंडके तिथं नदीकाठी अजून जपून ठेवलेत. उत्तरेच्या दारातून बाहेर पडलं की काठानं चालत जाता येतं.

रॉदरहाइथच्या बोगद्याबद्दल एक राहिलं. १९९५ ला दुरुस्तीसाठी बंद करून आतून काँक्रीटचा फवारा मारायचा बेत होता, म्हणजे ब्रुनेलच्या कमानी कायमच्या झाकल्या गेल्या असत्या. लोकांनी आवाज उठवला, अगदी बंद करायच्या वेळीच त्याला वारसा वास्तूचा दर्जा मिळाला, बरीच ओढाताण झाली आणि शेवटी रॉदरहाइथच्या टोकाचा थोडा भाग मूळ रूपात ठेवायचं ठरलं. १९९८ ला परत सुरू झाला. २०१० ला नव्या गाड्या सुरू व्हायच्या आधी लोकांना आत चालत जाऊ दिलं होतं. मला ते मिळालं नाही याची फार हळहळ वाटते, मी तेव्हा नाशिकला होते.

चालता_बोलता

पुढच्या वर्षी मुलीकडं यायचं आहे लंडनला, आई ७४ वर्षांची आहे बरोबर. दोन्ही एका दिवसात होईल का? आणि ग्रिनिचला खाली उतरायला जिनेच आहेत का?

गोदाकाठ

आरामात होईल दादा. सकाळी रॉदरहाइथला ब्रुनेल म्युझियम बघा, जुन्या पंपाच्या इंजिनघरातच आहे. शेजारीच ती मूळ विहीर, आता आत उतरता येतं, भिंती वाफेच्या गाड्यांच्या धुरानं काळ्या झालेल्या तशाच ठेवल्यात, आणि पायाखालून ट्रेन गेली की कळतं. मग विंडरश लाइननं वॉपिंगपर्यंत एक स्टेशन जा, म्हणजे बोगद्यातूनच. वॉपिंगच्या प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहिलात तर त्या दोन जोड कमानी समोर दिसतात.

ग्रिनिचला कटी सार्क जहाजाच्या शेजारी काचेच्या घुमटाची गोल इमारत आहे, तेच दार. लिफ्ट दोन्ही टोकांना आहे पण कधीकधी बंद असते, आई बरोबर आहेत म्हणून निघायच्या आधी कौन्सिलच्या साइटवर बघून घ्या, नाहीतर शंभरच्या आसपास पायऱ्या आहेत. मधे बोगदा थोडा उताराचा आहे आणि थंड असतो, आईंना शाल घ्या. सायकलवाल्यांनी उतरून चालायचा नियम आहे, सगळे पाळत नाहीत, तेव्हा आईंना भिंतीच्या बाजूनं चालवा. उत्तरेच्या टोकाला शेवटी एक तुकडा अचानक अरुंद होतो, आत लोखंडी अस्तर दिसेल, ती दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बनं झालेल्या नुकसानीची दुरुस्ती, तिथं जरा थांबून बघा. पलीकडं आयलंड गार्डन्सला बसायला बाकडी आहेत, आणि परत यायला डीएलआर (तिथली हलकी रेल्वे) पण मिळते, आई दमल्या तर.

चालता_बोलता

खूप आभार ताई. सगळं लिहून घेतलं.